नांदत्या लेकीचा हात

फार वर्षांपूर्वी, आंबोडे गावाची वेस अजून उभी होती आणि दिवस मावळला की तिला अडसर लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. गावातली घरं तेव्हाही जुनीच होती. मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना. दसऱ्याआधी ती रंगवायला सटवा रंगारी यायचा. कुठून यायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. चुना त्याच्या हाताला भाजत नसे, असं म्हणतात. स्वतः रंगवलेल्या घरात तो कधी झोपला नाही, असंही म्हणतात.

आंबोड्यात एक रीत होती. लेक सासरी निघाली की हळदीत हात बुडवून माजघराच्या भिंतीवर ठसा उमटवायची. आत्यांचे, बहिणींचे, लेकींचे हात एकाच भिंतीवर. सटवा प्रत्येक हातापाशी थांबून विचारायचा, "ही नांदती हाय का?" नांदती असली तर तो हात सोडून भोवतीनं चुना द्यायचा. गेलेली असली तर हात झाकायचा. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. झाकलेला हात तसाच घटकाभर लाल व्हायचा आणि चुना वाळला की पांढऱ्यात बुडून जायचा.

वेशीजवळच्या घरातल्या मंजुळेचा सटव्यावर विश्वास नव्हता. तसा तिचा कुणावरच नव्हता म्हणा! गवळ्याच्या दुधात ती आधी बोट बुडवून बघायची. एका भटजीनं काढलेला मुहूर्त दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. नवरा देवळातून आला की त्याच्या कपाळावरचा अंगारा ताजा आहे ना, ते बघायची. गाव तिला हसायचं आणि तीही गावावर नजर ठेवून असायची.

एका वर्षी पटकीची साथ आली. घाटापल्याड, मंजुळेच्या एकुलत्या एक लेकीच्या, गोजराच्या सासरहून सांगावा आला, की गोजरा गेली, क्रियाकर्म उरकलं, येऊ नका. साथीत कोण कुणाच्या गावात शिरतं? मंजुळा भुईवर लोळून रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ऐकलेलं खरं मानलं.

दसरा जवळ आला. सटवा माजघरात उभा राहिला. सगळ्यांत नव्या हातापाशी येऊन त्यानं विचारलं, "ही नांदती हाय का?"

"न्हाई," मंजुळा म्हणाली. "झाक."

त्यानं झाकला. हात लाल झाला. चुना वाळला तरी तो बुडेना. त्यानं चुन्याचा दुसरा थर दिला, तिसरा दिला. शेजारचा थोरल्या आत्याचा हात केव्हाच पांढरा झाला, पण गोजराची पाचही बोटं वर येऊन उभी.

मंजुळेच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला. "चुन्यात काय कालवलंस रं? दुखाच्या घरात खेळ करतोस व्हय?" असं म्हणत तिनं त्याची पिशवी जमिनीवर उलटी केली. आत डिंक, गूळ, नीळ आणि केकताडाच्या तंतूंचा कुंचला. हळदीचा कणही नाही. तरी तिची खात्री पटेना. तिनं स्वतःच्या घंगाळात स्वतःच्या हातानं चुना भिजवला, भिंतीला फासला आणि समोर बसून राहिली. पापणी लवली नाही तिची, असं म्हणतात. चुना वाळला आणि हात असा उमटला, जणू लेक आत्ताच उंबऱ्याबाहेर पडली होती.

तोवर दाराशी माणसं जमली होती. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं याला झोडपून वेशीबाहेर काढा. दोघांनी काठ्याही आणल्या. सटव्यानं कुंचला खाली ठेवला.

"आक्का, मी निस्ता चुना देतो. नांदती का गेली, ते घरानं सांगायचं. तुमी डोळ्यांनी बगितलं व्हतं का?"

दुधात बोट बुडवणाऱ्या बाईनं लेकीचं मरण तपासलं नव्हतं! तिनं पदर खोचला आणि निघाली. "मी येस्तवर ह्याला येशीतनं हलू देऊ नका," तेवढं मात्र सांगायला विसरली नाही.

घाटापल्याड गोजराच्या सासूला तिनं एकच विचारलं, "तिला पेटवताना कुणी बगितलं?" सासूनं खाली मान घालून सगळं सांगितलं. पटकीची माणसं गावाबाहेरच्या झोपडीत ठेवली होती आणि ती झोपडी लांबूनच पेटवली होती. आत डोकावायची कुणाची छाती झाली नाही. पुढं दहावं-तेरावं झालं, आणि एके दिवशी गोजरा पांदीतून चालत आली; झोपडी पेटायच्या आधीच ती पाण्यासाठी बाहेर सरपटली होती. जिचे दिवस घातले ती परत कशी येईल? गावानं तिला हडळ समजून दगड मारले आणि दारं लावून घेतली. तेव्हापासून ती मरीआईच्या देवळात पडून होती.

मंजुळा तशीच देवळाकडं धावली. देवीपुढचा नैवेद्य खाऊन जगणारी एक हडकुळी पोर खांबाआड उभी होती.

"आये, जवळ नगं यिऊ. मी मेलेली हाय म्हंत्यात."

"हात दाव," मंजुळा म्हणाली.

गोजरानं उजवा हात पुढं केला. तळहात चुन्यानं भाजावा तसा सोलवटला होता. "दोन रोजांपासनं आग हुतीया, आये. का, ते कळंना." मंजुळेला कळलं. शेवटचा चुना तर तिनंच फासला होता. तो हात तिनं गालाला लावला आणि ती हंबरडा फोडून रडली.

आंबोड्याच्या वेशीत हेही गाव आडवं आलं. क्रियाकर्म झालेल्या बाईला आत कसं घ्यायचं? तेव्हा वेशीच्या दगडावर बसवून ठेवलेला सटवा उठला आणि सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, "आक्का, ही नांदती हाय का?"

"नांदती हाय!" मंजुळा ओरडली. "मी बगितलंय!"

जिला गवळ्याचं दूध खरं वाटत नव्हतं, तिच्या शब्दावर शंका कोण घेणार? गाव बाजूला झालं. त्या गडबडीत सटवा निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, मंजुळेनं त्याला फार शोधलं, माफी मागायला.

आता आंबोड्यात डब्यातला रंग आला आहे, तालुक्याहून रंगारी येतात. तरी पहिला कुंचला वेशीच्या त्या दगडावर ओढतात, सटव्याच्या नावानं. मग रंगारी हातांच्या भिंतीपाशी थांबतो आणि विचारतो. गेली म्हणून कळलेल्या लेकीचा हात सांगाव्यावर कुणी झाकत नाही. फोनसुद्धा चालत नाही. घरातलं कुणीतरी उठतं, एसटी पकडतं आणि स्वतः जाऊन बघून येतं. तोवर रंगारी बाहेर बसून राहतो.