सेरवाने परत घेतलेलं आसन

फार फार वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या तांबड्या मातीत एक गाव होतं. त्या गावची रीत अशी, की मुखियाचं लाकडी आसन घराण्यातली सर्वांत वडीलधारी बाई देई. मुखिया चुकला, तर ते परत घ्यायचा हक्कही तिचाच.

म्हाताऱ्या सेरवाने ते आसन आपल्या एकुलत्या एका मुलाला, ओफोरीला दिलं. गावाने ढोल वाजवले.

पुढे दुष्काळ पडला. शेजारच्या गावचे झरे आटले. तिथल्या बाया डोक्यावर घडे घेऊन या गावच्या विहिरीवर येऊ लागल्या. ओफोरीने विहिरीवर पहारा बसवला. म्हणाला, "आपलं पाणी आपल्यालाच राहू दे."

पंचांना हे पटलं नाही. पण मुखियापुढे बोलणार कोण? सेरवाही गप्प राहिली. पोटचा गोळा तो! 'आज ना उद्या उमजेल त्याला,' अशी ती मनाची समजूत घाली.

मग एका दुपारी तान्ह्या लेकराला पाठीशी बांधून एक बाई विहिरीवर आली. पहारेकऱ्याने तिला रिकाम्या घड्यानिशी परतवून लावलं. लेकरात रडण्याइतकंही त्राण नव्हतं. सेरवाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखचिंचेखाली सभा भरली होती. सेरवा तिथे जाऊन उभी राहिली.

"ओफोरी, ऊठ."

"आई, सगळ्यांदेखत? घरी बोलू ना."

"घरी मी तुझी आई. इथे मी गावची म्हातारी. ऊठ, बाळा."

ओफोरी उठला. आसन जड होतं, तरी तिने ते एकटीने उचललं आणि आपल्या बहिणीच्या मुलाच्या हाती दिलं.

विहीर खुली झाली. पाणी पार तळाला गेलं, पण पाऊस येईपर्यंत दोन्ही गावं तगली.

ओफोरी मात्र आईशी बोलेना. नवी ज्वारी घरात आली, तेव्हा कुठे तो तिच्या अंगणात आला. ती ज्वारी कांडत होती.

"तू मला सांभाळून घ्यायला हवं होतंस," तो म्हणाला.

"जन्मभर तेच केलं रे. म्हणून तर तुला ते लेकरू दिसलं नाही."

ओफोरीने मान खाली घातली. मग मुसळ उचलून आईसोबत ज्वारी कांडू लागला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या माणसाची चूक जो पाठीशी घालतो, तो गावाचंही नुकसान करतो आणि त्या माणसाचंही.