बांधापलीकडची पालं

“मग समता आली म्हणतेस?”

भन्ते सुगतबोधींनी विचारलं. विहाराच्या ओसरीवर ते बसले होते. समोर वडकुहीच्या नगराध्यक्ष उत्पला रामटेके.

याच ओसरीवर उत्पला लहानपणी अक्षरं शिकली होती. आता तिच्या गाडीवर दिवा नव्हता, पण गाडी आली की लोक उठून उभे राहत.

“आली, भन्ते. तळं उपसलं. त्याला दगडी बांध घातला. आपल्या वस्तीत गटारं बंद केली. अभ्यासिका झाली. ज्या पाइपचं पाणी पेठेत जातं, त्याच पाइपचं आपल्याकडे येतं. आधी असं कधी होतं?”

“नव्हतं,” भन्ते म्हणाले. “चांगलं केलंस.”

उत्पला सुखावली.

“उद्या बांधावर सभा आहे. मंत्री येतायत. पुनर्विकास आणि समता, या विषयावर मी आढावा देणार आहे. तुम्ही मंचावर बसायचं.”

“येईन... बांधाच्या पलीकडे काय आहे?”

उत्पलाला प्रश्नाचा रोख कळला.

बांधापलीकडे भटक्यांची पालं होती. भंगार वेचणारी, सुया-बिबे विकणारी माणसं. गेल्या उन्हाळ्यात आली आणि तिथंच राहिली.

“त्यांच्याकडे जागेचा कागद नाही, भन्ते. पुढच्या टप्प्यात बघू.”

“आणि उद्या?”

“उद्या तिथं हिरवं कापड लावतोय. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.”

भन्ते उठले. आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सभा भरली. मंत्री आले. हारतुरे झाले.

भन्तेही आले. मंचाच्या पायऱ्यांपर्यंत आले, तिथून वळले, बांधाच्या कडेकडेनं चालत गेले, आणि कापडामागं दिसेनासे झाले.

मंचावरची त्यांची खुर्ची रिकामी राहिली. लोक कुजबुजू लागले.

उत्पलाचं नाव पुकारायची वेळ झाली होती. ती उठली आणि तरातरा चालत कापडामागं गेली.

भन्ते एका पालासमोर जमिनीवर बसले होते. शेजारी झिंगाबाई नावाची म्हातारी पदरानं वारा घेत होती. कापडानं तळ्यावरची झुळूक अडली होती.

“भन्ते, हे काय चालवलंय? सगळ्या गावासमोर माझा अपमान करताय?”

“सभेला बोलावलंस, आलो.”

“सभा तिकडे आहे!”

“तू समतेवर बोलणार होतीस ना... मला वाटलं, इकडे बोलशील.”

उत्पलाचा आवाज चढला.

“मला शिकवू नका. माझ्या आईला पेठेतल्या विहिरीवर कोणी चढू दिलं नाही. शाळेचा फोटो काढताना मला कडेला उभं केलं, आणि छापताना ती कड कापली. झाकलं जाणं म्हणजे काय, ते मला सांगता?”

“नाही सांगत,” भन्ते म्हणाले. “तुला ते माहीत आहे, म्हणून तर इथं येऊन बसलो. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी बसलो नसतो.”

झिंगाबाई मध्येच बोलली. “बाई, एक विचारू का?”

“विचारा.”

“आमी जेवतो, भांडतो, लेकरं वाढवतो. सगळं उघड्यावरच. आमाले झाकाचं असं काईच नाई. मंग तुमी काय झाकून ऱ्हायल्या?”

उत्पला हिरव्या कापडाकडे बघू लागली.

मुख्याधिकारी धावत आले. “मॅडम, मंत्रीसाहेबांना पुढं जायचंय. चला लवकर.”

ती कापड बांधलेल्या बांबूजवळ गेली आणि सुतळीची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती. नख तुटलं. तिनं दातांनी गाठ ओढली.

“मॅडम! हे काय करताय?”

“बाजूला व्हा.”

दुसऱ्या बांबूपाशी झिंगाबाई जाऊन उभी राहिली होती. तिनं आपली गाठ केव्हाच सोडली होती.

कापड खाली आलं.

मंचावरून पालं दिसली. पालांवरून मंच दिसला. चुलीचा धूर सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे निघाला.

उत्पला मंचावर गेली. लिहून आणलेलं भाषण तिनं उघडलंच नाही.

“मी आज आढावा देणार होते. त्यात ही माणसं नव्हती. मी त्यांना झाकलं होतं. मी, उत्पला रामटेकेनं. त्या पालांवर नळ येईल, त्या दिवशी मी समतेवर बोलेन. तोवर मला त्या शब्दाचा हक्क नाही.”

मंत्री उठले. गाड्या निघून गेल्या. काहींनी टाळ्या वाजवल्या, पण ते थोडेच. तिच्याच वस्तीतली माणसं चिडली. “आपल्या कामाचा दिवस होता, तो हिनं नासवला,” असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. तिनं ते ऐकलं.

संध्याकाळी ती पुन्हा विहारात आली. चालत आली.

“पक्षातून फोन होता, भन्ते. मंत्र्यांची माफी मागा, नाहीतर राजीनामा द्या.”

“मग?”

“माफी मागणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं. उद्यापासून रोज पालांवर जाणार. मला अडवून दाखवा म्हणावं.”

भन्ते हसले.

ती ओसरीच्या कडेला टेकली. मग आवाज खाली आला.

“पण एक विचारते. पद गेलं, तर माझ्या हातात काय राहील? नळ कसा आणू? नगराध्यक्ष नसेन, तर मी करू काय शकते?”

भन्ते तिच्या तुटलेल्या नखाकडे बघत राहिले...

“कापड बांधलं ते नगराध्यक्षांनी. सोडलं कोणी?”