पाच पंच आणि पाटाची फळी

फार पूर्वी, राजे लांब राहत आणि नगराचा कारभार नगरातलेच लोक पाहत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरउतारावर पाच पेठांचं एक नगर होतं. प्रत्येक पेठेने आपला एक पंच निवडायचा आणि पाचांनी मिळून नगर चालवायचं, अशी तिथली रीत.

सगळ्यात उंचावरच्या पेठेने त्या वर्षी एका कासारणीला निवडून दिलं. घरोघरी बांगड्या भरत हिंडणारी बाई. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि कुणाच्या घरात काय करपतंय, तिला सगळं ठाऊक. शिवाय तिने शब्दच तसा दिला होता. "मला पंच करा, या उन्हाळ्यात संध्याकाळीसुद्धा हौदाला पाणी आणते." वरच्या पेठेला पाणी यायचं फक्त सकाळी, तेही घागरी भरतात न भरतात तोच जायचं.

शब्द देताना जीभ हलकी असते. निवडून आल्यावर तोच शब्द कासारणीच्या छातीवर जात्याच्या दगडासारखा बसला.

नव्या पंचांना नगराची ओळख करून द्यायचं काम म्हाताऱ्या कारभाऱ्याचं. त्याने पाचही जणांना वेस दाखवली, धान्याचं कोठार दाखवलं आणि शेवटी तळ्यापासून येणाऱ्या पाटावर नेलं. हा कारभारी तरुणपणी कापडाचा व्यापारी होता. त्यामुळे कुठलीही गोष्ट दुकानावरून समजावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"माझ्या शेजारी एक दुकान होतं," तो म्हणाला. "भागीदार पाच, गुमास्ता एक. पहिला म्हणे, तागे बाहेर मांड, गिऱ्हाईक थांबतं. दुसरा म्हणे, आत घे, रंग उडतो. तिसरा म्हणे, झटकून ठेव. चौथा म्हणे, झटकलेस तर बघ, घडी मोडते. पाचवा काही बोलत नसे, नुसता डोळे वटारून बसे. गुमास्ता बिचारा दिवसभर तागे कवटाळून दारात उभा. गिऱ्हाइकाने आत शिरायचं कुठून?"

पंच हसले. कारभारीही हसला, पण बोलायचा थांबला नाही.

"तर मंडळी, चावडीत जाजम अंथरलं, तुम्ही पाचजण त्यावर बसलात आणि मिळून ठरवलंत, तर तो नगराचा हुकूम. जाजमावरून उठलात की हे साळी, हे तेली, आणि अक्का, तुम्ही कासारीण. एकट्या पंचाने कुठल्या नोकराला हुकूम द्यायचा नाही. मनात असेल ते जाजमावर बोला. तिथून पुढे ते न्यायला मी आहे."

मग त्याने पाटाच्या फळ्या दाखवल्या. प्रत्येक पेठेकडे वळणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती. ती उचलली की त्या पेठेला पाणी. पण वरच्या पेठेचं तोंड उंचावर. इतरांच्या फळ्या खाली असल्या, पाट तुडुंब भरला, तरच पाणी तिथवर चढायचं.

कासारीण मान डोलवत होती. कानात मात्र तिला पेठेतल्या बायका ऐकू येत होत्या.

आणि त्या बोलतही होत्या. पूर्वी बांगड्या भरताना गप्पा व्हायच्या, आता तपासणी व्हायची. बाईचा हात हातात धरलेला, उठून जायची सोय नाही.

"अक्का, बांगडी घट्ट बसली गं. शब्द तेवढा सैल झाला वाटतं."

"थोडा दम धर, वहिनी. पौर्णिमेला सभा आहे."

"पौर्णिमेला? आणि तोवर काय चांदणं प्यायचं?"

सगळ्या हसल्या. कासारीणही हसली. पण घरी आल्यावर तिने ताट बाजूला सारलं. पौर्णिमा लांब होती. सभेत विषय काढला आणि इतर चौघे नाही म्हणाले, तर? पेठेत तोंड दाखवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी ती तडक पाटावर गेली. पाटकरी, म्हणजे फळ्या उचलणारा माणूस, झाडाखाली भाकरी खात होता.

"आज संध्याकाळी खालच्या पेठेची फळी खाली घाल आणि आमची उचल."

पाटकऱ्याचा घास हातातच राहिला. "सभेत ठरलंय का, अक्का? कारभारी काही बोलले नाहीत."

"मी सांगतेय ना. मी पंच आहे."

पाटकऱ्याला बायकामुलं होती आणि पंचाशी वैर परवडणारं नव्हतं. त्याने फळी उचलली.

त्या संध्याकाळी वरच्या पेठेच्या हौदात पाणी पडलं. बायकांनी कासारणीची ओटी भरली. तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. ती तेवढीच.

खालच्या पेठेत साळ्यांची, म्हणजे विणकरांची, वस्ती. सूत रंगवायला संध्याकाळचं पाणी लागतं, ते आलंच नाही. त्यांचा साळी पंच पाटावर धावला आणि कारण कळल्यावर म्हणाला, "तिचा हुकूम चालतो, मग माझा काय वाळत घातलाय? आमची फळी दिवसभर वर ठेव." हे तेली पंचाला कळलं, तोही गेला. मग उरलेले दोघे मागे कशाला राहतील? पाटकऱ्याने हात जोडून पाहिले, मग सगळ्यांच्याच फळ्या उचलून टाकल्या.

पाट भरेना. पाणी खालच्या खाली वाहून जाऊ लागलं. वरच्या पेठेला संध्याकाळचं सोडाच, सकाळचंही बंद झालं. हौदाच्या तळाशी गाळ दिसू लागला. कासारणीच्या शेजारी एक बाळंतीण होती. तिची सासू रिकामा तांब्या घेऊन दारात आली आणि तो पुढे धरला. कासारणीने आपल्या घागरीतलं उरलंसुरलं पाणी तिला ओतून दिलं. हे आपण केलं, हे तिला कळत होतं. सभेला न विचारता पाणी वळवलं होतं, हे पेठेला अजून कळलेलं नव्हतं, आणि ते कळेल याच भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

तळं उतरत चाललेलं पाहून कारभाऱ्याने पौर्णिमेची वाट न बघता सभा बोलावली. दवंडी पिटली, जाजम अंथरलं, समोर अख्खं नगर जमलं. पाटकरी खांबाशी मान खाली घालून उभा होता.

साळी पंचाने आधीच तोंड उघडलं. "यात विचार काय करायचा? पाटकऱ्याने मनमानी केली. त्याला काढा, नवा माणूस ठेवा."

"बरोबर आहे," तेली पंच म्हणाला. बाकीच्या दोघांनी पटकन माना हलवल्या.

कारभारी कासारणीकडे वळला. "अक्का, तुमचं काय मत?"

पंचांच्या समोर पाटकऱ्याचं कोण ऐकणार? नुसतं हो म्हटलं असतं तर कासारीण सुटली असती. समोर वरच्या पेठेतल्या बायका बसल्या होत्या, ओटी भरणाऱ्याही आणि टोमणे मारणाऱ्याही.

"त्याने मनमानी नाही केली," ती म्हणाली. "तो मला विचारत होता, सभेत ठरलंय का म्हणून. मीच म्हटलं, मी पंच आहे. पहिली फळी माझ्या सांगण्यावरून उचलली."

साळी पंच जाजमाची कड चाचपत बसला. शेवटी तो हळूच म्हणाला, "दुसरी माझ्या." मग उरलेल्या तिघांनाही बोलावं लागलं.

पाटकरी कामावर राहिला. फळ्या जुन्या पाळीवर आल्या. मग कासारणीने आपल्या पेठेचं गाऱ्हाणं जाजमावर मांडलं. खूप वेळ वाद झाला. साळी म्हणाला, "संध्याकाळचं पाणी तुम्हाला सोडलं तर आमच्या मागांवर धूळ बसेल, बाई." अखेर ठरलं की संध्याकाळचं पाणी द्यायचं नाही, पण सकाळी वरच्या पेठेची पाळी वाढवायची. जेवढं पाणी मागितलं होतं, त्याच्या निम्मंच मिळालं.

सभा उठली तशी कासारीण बायकांसमोर जाऊन उभी राहिली. तिने मान वर केली नाही.

"संध्याकाळी पाणी येणार नाही. तो शब्द माझ्या एकटीच्या हातातला नव्हताच. मी उगाच दिला. आणि त्यापायी तुमचं सकाळचंही गेलं."

एक म्हातारी उठली, तिने पदर झटकला. "राग तर आलाय, अक्का. माझी सून बाळंतीण आहे, आठवतंय ना?"

कासारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण त्या गरीब पाटकऱ्याला पुढे करून तू गप्प बसली असतीस, तर पुन्हा तुझ्या दारात आले नसते," म्हातारी म्हणाली. "आता सांग, पुढची सभा कधी? निम्मं मिळालंय. उरलेल्या निम्म्यासाठी तू जाजमावर बोल. आम्ही समोर येऊन बसतो. बघू तो साळी किती वाद घालतो ते."

पुढच्या पौर्णिमेला वरच्या पेठेतल्या बायका चावडीत इतक्या आल्या, की साळी पंचाला आत यायला वाट मागावी लागली.

तात्पर्य: लोक आपल्याला निवडतात ते सर्वांसोबत बसून ठरवायला, एकट्याने हुकूम सोडायला नव्हे; आणि चुकून सोडलाच, तर त्याचं खापर हाताखालच्या माणसावर फोडू नये.