बिहीच्या झाडावर कुऱ्हाड

एक होता राजा. त्याला होती एक मुलगी, रत्नमाला. एकदा काय झालं, तिचा आवाजच गेला. घसा इतका सुजला की पाणीसुद्धा उतरेना. वैद्य हरले. मग राजा तिला पालखीत घालून, प्रधान आणि शिपाई बरोबर घेऊन थंड हवेच्या डोंगरावर निघाला.

त्या डोंगरावर राहायची भिवराबाई. तिच्या दारात तिच्या सासूच्या सासूनं लावलेलं बिहीचं झाड होतं. पानं वरून हिरवी आणि खालून पांढरी, वासराच्या कानासारखी लवदार. फांदीच्या टोकाला एकच गुलाबी फूल यायचं आणि त्याचं व्हायचं पिवळंधमक फळ. वास तर असा, की पालखीचे भोई आपोआप थांबले.

राजाला वाटलं, पेरूच हा. त्यानं फळ तोडलं आणि कचकन चावलं. कट्ट झालं आणि पुढचा दात हातात आला, बरं का. सगळे बघतच राहिले.

"अगं म्हातारे, हे फळ आहे की धोंडा?"

"फळच आहे महाराज. पण कच्चं कुणी खात नाही, शिजवावं लागतं. थांबा, दाखवते."

मग भिवराबाईनं चार फळं चिरली. बिया वाटीत पाण्यात टाकल्या. फोडी साखर घालून चुलीवर ठेवल्या. पांढऱ्या फोडी हळूहळू पिवळ्या झाल्या. मग गुलाबी. मग लालभडक. प्रधान दोन पावलं मागेच सरला.

"महाराज, हे रक्त आहे. झाड चेटकाचं आहे."

"तोडा ते," राजा म्हणाला.

भिवराबाईनं झाडाला मिठी मारली. शिपायांनी तिला ओढून बाजूला केलं. कुऱ्हाड वर गेली. आणि बाळांनो, वारा नव्हता, काही नव्हतं, तरी सगळी पानं एकदम उलटली. एवढं हिरवंगार झाड, भीतीनं पांढरंफटक पडलं. शिपायाचा हात वरच थिजला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, नका ना तोडू."

रत्नमाला उभी होती. हातात बियांची वाटी, रिकामी. बिया भिजून पाणी दाट, बुळबुळीत झालं होतं, ते ती प्यायली होती. साधं पाणी अडायचं, हे आपसूक उतरलं आणि घशावर सायीसारखं पसरलं.

राजानं शिपायाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. मग म्हणाला, "भिवराबाई, चुकलो मी. काय हवं ते मागा."

"काही नको. फोडी निवल्यात, तेवढ्या खा. त्यांना दात लागत नाहीत."

राजानं वाडगं पुसून खाल्लं. मग लेकीशी गप्पा मारत घरी गेला आणि सगळे सुखानं राहिले. झाडाची पानं मात्र संध्याकाळपर्यंत एकेक करून सरळ होत होती. तसे तुम्हीही आता कुशीवर वळा आणि डोळे मिटा.