गेनू सुताराचा पक्का करार

ओढ्याकाठच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा सुतार होता. हात कसबी, पण डोकं लाकडाच्याच जातीचं.

एकदा चहाच्या टपरीवाल्यानं त्याला सहा फुटी बाक सांगितला. गेनूनं केला. टपरीवाला म्हणाला, "मी चार फुटी सांगितला होता." बाक परत आला.

बायको ठकू म्हणाली, "तोंडी ऐकून काही करू नका. आधी कागदावर लिहून घ्या."

"बरं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा भिवा ओरडत आला, "गेनू, धाव! तुझी शेड पेटलीय!"

गेनूनं कानावरची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. "लिहून दे."

भिवाला लिहिता येत नव्हतं. तो मास्तरांना शोधून आणेपर्यंत शेड भुईसपाट झाली. हत्यारांची पेटी तेवढी वाचली.

ठकूनं कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला तालुक्याला वकिलांकडे धाडलं. वकील म्हणाले, "नुसता कागद काय कामाचा? समोरच्याची मर्जी लागते. जबरदस्तीचा व्यवहार टिकत नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

घरी येतो तर अंगणात गर्दी. हत्यारांची पेटी पळवणाऱ्या चोराला लोकांनी धरून ठेवलं होतं.

गेनूनं चोराला विचारलं, "यांनी तुला धरलंय, तुझी मर्जी आहे का?"

"अजिबात नाही," चोर म्हणाला.

"मग सोडा त्याला. आणि पेटी परत द्यायची मर्जी?"

"तीही नाही."

चोर पेटी घेऊन गेला. जाताना रामराम करून गेला.

ठकूनं नवऱ्याला तालुक्याची वाट दाखवली. तो पुन्हा वकिलांकडे गेला. वकिलांनी डोळे मिटून घेतले आणि सावकाश सांगितलं, "माणूस बघून व्यवहार कर. ज्याची वस्तू, त्याचीच सही घे. आणि अठरा वर्षांच्या आतल्या पोराशी करार करू नकोस, कायद्यात तो होतच नाही."

"आता समजलं," गेनू म्हणाला.

त्याच आठवड्यात गिरणीवाल्या शेवंताबाईंनी नातीसाठी पाळणा सांगितला. गेनूनं उसनी हत्यारं आणून जीव ओतून काम केलं. चारी कोपऱ्यांना पोपट कोरले. ठकूसुद्धा बघून हसली.

बारशाच्या दिवशी तो पाळणा डोक्यावर घेऊन पोचला. बायका जमल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या. शेवंताबाई म्हणाल्या, "आण, आण! किती गोड झालाय!"

"पाळणा नक्की कुणाचा?" गेनूनं विचारलं.

"बाळाचा. आणखी कुणाचा?"

गेनूनं बाळासमोर कागद धरला. बाळानं जांभई दिली.

"वय काय हिचं?"

"आज बारा दिवस झाले."

गेनूनं कागदाची घडी केली, पाळणा उचलून पुन्हा डोक्यावर घेतला आणि दाराकडे वळला.

"अरे, निघालास कुठं?"

"घरी," गेनू म्हणाला. "काळजी करू नका, शेवंताबाई. पाळणा दुसऱ्या कुणाला देत नाही. अठरा पूर्ण झाली की हिला पाठवा. सही करेल आणि झोपेल."