कल्हईवाल्याच्या येसूची मागणी

फुलपाखरांनाही वाट विचारत यावं लागेल, अशा डोंगराआडच्या एका गावात भिवा कल्हईवाला आणि त्याची चिमुकली लेक येसू राहत. येसूला आई नव्हती. झोपडी एवढीशी, भाकरी अर्धीच आणि धूर मात्र दिवसभर. भिवा भांडं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भसकन वर यायचा. मग वितळल्या कथलावर कापसाचा बोळा फिरवला की काळंकुट्ट पातेलं आतून रुपेरी झळकायचं. भिवा मात्र खोकत बसायचा. भाता मारणाऱ्या येसूचा जीव तुटायचा.

एका सकाळी ती चाफ्याच्या बनात काटक्या वेचायला गेली. तिथे एका पानावर बोटभर उंचीची परी मुसमुसत होती. निळेनिळे पंख, जांभळी झालर आणि रडून लाल झालेलं इवलंसं नाक. पुढ्यात तांब्याची इवलीशी घागर.

"काय झालं गं, परीताई?"

"माझ्या घागरीची कल्हई उडाली. आतलं दव कळकतं. ते शिंपडलं की कळ्या काळ्या पडतात."

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, कडवट होतं, हे येसूला ठाऊक होतं. दवही कळकतं, हे नवीनच होतं. तिने घागर घरी नेली, निखाऱ्यावर धरली आणि काडीला कापूस गुंडाळून आतून कल्हई केली. परत आणून दिली तेव्हा परी टाळ्या पिटत गिरकी घेऊ लागली.

"माग एक मागणी. पण नियम ऐक. ती दुसऱ्यासाठी असावी, तुझी मागणी वेशीच्या आतच चालेल आणि दिलेलं परत घेता येणार नाही."

"माझ्या बाला पुन्हा कधी काम कराया लागू नये."

"त्याला विचारलंस?"

"त्यात काय इचारायचं?"

इथेच पोर चुकली. परीने पंख झटकले, सोनेरी कण भुरुभुरु उडाले आणि गावातलं भांडंन् भांडं कायमचं लखलखीत झालं. भिवाच्या घरची कणगी अशी भरली की ती रिकामी होईना.

आठ दिवस भिवा पोटभर जेवला आणि झोपला. नवव्या दिवशी त्याचे हात शिवशिवू लागले.

"काकू, एखादं पातेलं हाय का?" त्याने दारोदार विचारलं.

"न्हाई रं भिवा, समदी नव्यावानी दिसत्यात. बस की, चा घे."

चहा मिळाला, काम मिळालं नाही. हळूहळू त्याने बाहेर पडणं सोडलं. खोकला थांबला तसं बोलणंही थांबलं. एका दुपारी येसूला तो घरातलं चकचकीत ताट कापसाने पुन्हा पुन्हा पुसत बसलेला दिसला. ती बनाकडे पळत सुटली.

"परीताई, माघारी घे."

"नाही घेता येत, बाळे," परी हळूच म्हणाली. "तेव्हा विचारलं नाहीस, ते आता विचार."

येसूने रडतरडत बापाला सगळं सांगितलं.

"मला वाटलं, माझ्या हातांची गरज सरली," तो म्हणाला. "तुला धूर दिसला, पोरी. मला त्याच्याखालचं भांडं दिसायचं. काळं यायचं, उजळून जायचं. त्याच्यापायी तर सकाळी उठावं वाटायचं."

"मी इचारायला पायजे हुतं, बा."

"पायजे हुतं," भिवा म्हणाला. "म्हटलं असतं, तेवढा धूर छातीत जाऊ नये. बाकी कायबी नको."

वेशीच्या आत आता काम कधीच मिळणार नव्हतं. भिवाने भाता खांद्यावर घेतला. झोपडी, आईने लावलेली जास्वंद, सगळं मागे टाकताना येसूला हुंदका आवरेना. आपल्याच हाताने आपलं गाव तुटलं, हे तिला कळत होतं.

वेशीवर परी उभी होती. "चूक कबूल करायला धीर लागतो," ती म्हणाली. "आणि धुराची मागणी तुझी नाही, तुझ्या बाची आहे. ती त्याच्यासोबत जाईल." तिने भात्यावर दवाचा एक टपोरा थेंब सोडला. तिचे पंख निळे, मग गुलाबी, मग शुभ्र झाले आणि त्या शुभ्र उजेडात ती विरून गेली.

ओढ्यापलीकडच्या गावात एक म्हातारी काळं पातेलं घेऊन आली. "आमटी कळकतीया बाबा. काही व्हईल का?"

भिवाने पातेलं दोन्ही हातांनी उलटंपालटं करून पाहिलं. "व्हईल की," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

भट्टी पेटली. धूर उठला आणि भिवाला वळसा घालून शेताकडे निघून गेला. येसूने ओढ्यापल्याड पाहिलं. तिचं गाव उन्हात चमचमत होतं. तिथे कल्हईवाल्याला आता कुणी हाक मारणार नव्हतं. तिने डोळे पुसले आणि भात्याला हात घातला.

"बा, जोरात मारू का हळू?"

"हळू," भिवा म्हणाला. "इचारलंस ते बरं केलंस."