सासरे यायच्या आधीची डागडुजी

एका गावात एक भोळा गडी राहत होता, हैबती त्याचं नाव. भोळा आपण म्हणायचं. गाव त्याला दुसरंच काहीतरी म्हणायचं, पण ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

हैबतीची बायको सगुणा माहेरी गेली होती. जाताना ती घराकडे बघून म्हणाली, "अहो, बाजारच्या दिवशी मला पोचवायला बाबा स्वतः येणार आहेत. ते म्हणतात, जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही. घर नीट दिसलं नाही, तर मला तसंच परत घेऊन जातील."

सगुणा नसली की हैबतीला घर खायला उठायचं, भाकरी गोड लागायची नाही. शिवाय ती त्याची स्वतःचीच भाकरी असायची, म्हणजे तशीही गोड लागली नसती. त्याने ठरवलं, सुतार नको, गवंडी नको, सगळं आपल्याच हातांनी करायचं.

पहिल्यांदा त्याने स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी ठोकायला घेतली. भिंत मातीची. त्याने खिळा धरला आणि हाणला घण. खिळा वाकडा झाला, भिंतीचं ढेकूळ निघालं आणि पलीकडून शेजारची ठकूआत्या दिसायला लागली.

"हैबती, अरे काय चालवलंयस?"

"फळी लावतोय, आत्या."

"असं ठोकतात होय? आधी भोक पाडायचं, मग खिळा मारायचा."

हैबतीने कपाळावर हात मारला. "माझ्या डोक्यात भुसा भरलाय, आत्या. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

आणि त्याच्या खरोखर लक्षात राहायचं. सगळी अडचण तिथेच होती.

मग त्याने आरसा लावायला घेतला. सगुणेला लग्नात मिळालेला आरसा, तिचा फार आवडता. आधी भोक पाडायचं, मग खिळा मारायचा. हैबतीने आरसा मांडीवर घेतला, बरोबर मधोमध खूण केली आणि सामता लावून भोक पाडायला घेतलं. आवाज ऐकून आत्या धावत आली. एका हैबतीचे आता पुष्कळ हैबती झाले होते आणि सगळेच तोंड वासून बसले होते.

"अरे, काचेला भोक पाडतात का? सरस लावायचा आणि घट्ट दाबून धरायचं!"

"माझ्या डोक्यात भुसा भरलाय, आत्या. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

तिसरं काम दाराचं. दार उघडताना असं करकरायचं की कोंबड्या दचकायच्या. हैबतीने सरस शिजवला, चौकटीला चारी बाजूंनी फासला, दार लावलं आणि पाठ टेकून दाबून धरलं. सरस वाळला. दाराची करकर अगदी थांबली, कारण दार उघडायचंच थांबलं. हैबती आत होता. त्याने खिडकीतून तोंड काढलं.

"आत्या, दार कसं गप्प बसलंय बघ!"

आत्याने बाहेरून दार ढकलून बघितलं. मग म्हणाली, "बाबा रे, करकरलं की तेल सोडायचं. दोन थेंब तेल."

"आता खिडकीतूनच ये-जा करायची म्हणायची. माझ्या डोक्यात भुसा भरलाय, आत्या. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

राहिली कौलं. ती शाकारायला त्याने शिडी लावली. पहिल्याच पायरीवर पाय ठेवला तशी शिडी करकरली. हैबतीला भारी आनंद झाला, कारण यावरचा उपाय त्याला पाठ होता. तो खिडकीतून आत गेला, तेलाची बरणी घेऊन बाहेर आला आणि एकेका पायरीला चोळून चोळून तेल लावलं. आत्या दोन थेंब म्हणाली होती, पण सासरे येणार म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? मग तो चढला. वर किती गेला ते सांगता येत नाही, खाली आलेला मात्र सगळ्यांनी पाहिला. उकिरड्यात पडला म्हणून वाचला.

आत्याने त्याला धरून उठवलं. "शिडीला तेल लावलंस, मेल्या? ती हलत होती म्हणून करकरत होती. हलतं त्याचे पाय जमिनीत पुरायचे, भोवती दगड ठोकायचे. मग जागचं हलत नाही."

"माझ्या डोक्यात भुसा भरलाय, आत्या."

"तो तरी सांडू देऊ नकोस," आत्या म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

सासऱ्यांसाठी ओसरीत बाज टाकायची होती. बाजेचा एक पाय तोकडा, त्यामुळे ती डुगडुगायची. हैबतीने पहार घेतली, चार खड्डे खणले, बाजेचे पाय त्यात उतरवले आणि भोवती दगड-माती ठोकली. बाज सुंभापर्यंत जमिनीत गेली, पण डुगडुगायची थांबली. हैबतीने तिच्यावर उड्या मारून पाहिल्या. बाज ढिम्म हलली नाही. त्याचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून एक काम सरळ झालं होतं.

तेवढ्यात अंगणात बैलगाडी आली.

आधी सगुणा उतरली. तिने भिंतीचं भगदाड पाहिलं, बंद दार पाहिलं, उकिरड्याने माखलेला नवरा पाहिला आणि पदर तोंडात कोंबला. मागून सासरे कोंडिबा काठी टेकत उतरले. म्हातारे झाले होते, पाय लटलट कापत होते.

"पाय फार हलतात हो, जावईबापू," ते कण्हत म्हणाले. "उभं राहवत नाही. वैद्य थकले."

हैबतीचा चेहरा उजळला. "मामा, तुम्ही काळजीच करू नका. वैद्यांना काय कळतंय? ओट्यावर टेका जरा."

त्याने पहार उचलली आणि अंगणात खणायला लागला. मन लावून, घाम गाळून. म्हातारा बघत राहिला. पोरीच्या कानाशी लागून म्हणाला, "घर बघून तुला परतच नेणार होतो. पण गडी कामसू दिसतोय गं. आल्या आल्या झाडं लावायला घेतली."

खड्डे झाले. दोनच, शेजारी शेजारी, गुडघाभर खोल. हैबतीने बाजूला दगड रचून ठेवले आणि घण उचलून आला.

"चला मामा."

"कुठं?"

"खड्ड्यात. एकेक पाय सोडा आत. मी दगड ठोकून पक्के करतो. मग जन्मात हलायचे नाहीत."

सासऱ्यांनी खड्ड्यांकडे पाहिलं. दगडांकडे पाहिलं. मग जावयाच्या हातातल्या घणाकडे पाहिलं.

कोंडिबांना धावताना सगुणेने लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आजच. काठी ओट्यावर राहिली, पागोटं कुंपणाला राहिलं, गाडी अंगणात राहिली. पोरीला परत न्यायचं राहिलं ते राहिलंच. म्हातारा वेशीपार गेला तरी धूळ उडत होती.

हैबती तोंड वासून बघत राहिला. मग हात जोडून आत्याला ओरडून म्हणाला, "आत्या, तुझं औषध भारी जालीम गं! अजून पुरलेसुद्धा नव्हते!"